भिंतीपासून सव्वाचार फूट

आमच्या भावजींच्या खिशात रुमाल कधी सापडायचा नाही, पण मोजायचा टेप कायम असायचा. लग्नघरी गेले तरी पंगत बसेपर्यंत हॉलची लांबी-रुंदी मोजून यायचे. माझे हे धाकटे दीर. लातुरात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान त्यांनी उभी हयात चालवलं, लग्न केलं नाही, आणि दुकान पुतण्याच्या हवाली केल्यावर पुण्याहून दोन स्पीकर आणवले. एकेक माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच. घरात नवऱ्या आल्यासारखे ते आले आणि दिवाणखाना माझा राहिला नाही.

शोकेस गेली, कारण म्हणे काच आवाज परत फेकते. सोफा गेला. माझ्या हातच्या दोन वाकळा भिंतीवर चढल्या. उरली एकच खुर्ची. दोन स्पीकर आणि ती खुर्ची, तिन्ही अंतरं सारखी हवीत म्हणून भावजी दिवसभर फरशीवर रांगायचे. अर्धं बोट पुढं, पाव बोट मागं.

"वैनी, गाणारी बाई ह्या खोक्यात न्हाई आणि त्याही खोक्यात न्हाई. ती मधोमध उभी राहिली पाहिजे."

"मग तिला च्या विचारा. उभं राहून पाय दुखले असतील बिचारीचे."

ते हसायचे नाहीत. "सरकली," म्हणायचे. "उजवीकडं सरकली."

तेव्हा मी साठीची होते. साठीला बाईला वाटतं, आता आपल्याला सगळं कळतं. फरशीवर त्यांनी चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या. त्या मी ब्रशनं घासून काढल्या आणि वर शाबासकीची वाट बघत बसले. तीन दिवस भावजी जेवताना बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भाकरी मोडत म्हणाले, "वैनी, तुमच्या रांगोळीचे ठिपके मी कधी पुसले का?"

एका दुपारी त्यांनी दोन्ही स्पीकर पार भिंतीला लावून पाहिले. भिंतीला लावलं की जाड आवाज फुगतो, हे ज्ञान मला नंतर झालं. मी आत शेंगदाण्याची चटणी कुटत होते. मांडणीवरची भांडी थरथरली, पायाखालून गुडगुड आली. लातुरात हा आवाज कशाचा, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी चटणीचा डबा घेऊन थेट रस्त्यावर. दीर घरातच राहिले, हे कोपऱ्यावर पोचल्यावर आठवलं. डबा मात्र विसरले नव्हते.

सगळी गल्ली बाहेर उभी. त्यात गिरजाक्का, अनवाणी, पदर जमिनीवर. तिचं घर आणि आमचं घर यांत एकच सामाईक भिंत. औशाकडच्या तिच्या गावात भूकंपात घर बसलं, तेव्हा सासू आणि धाकटी लेक खाली राहिली. ती नुसती जमिनीकडं बघत होती.

एवढ्यात भावजी टेप हातात घेऊन दारात आले. "वैनी, गल्ली का जमली?"

मला सगळं उमगलं. आणि मी काय केलं? कुणीतरी विचारलं, "तुम्हाला पण जाणवलं का?" तर मी म्हणाले, "हाव, चांगलंच की." आणि दिराला आत लोटलं. घराण्याची अब्रू वाचवली म्हणून संध्याकाळी स्वतःवर खूशही होते.

गिरजाक्का मात्र घरात जाईना. अंगणात बाज, अंगणातच चूल. आठ दिवसांनी तिचा मुलगा तिला नांदेडला न्यायला आला. ती बाजेवर बसून म्हणत होती, "तिथं मला कोण वळखतं रं?" ते ऐकून माझ्यानं राहवेना. भावजींना खरं काय ते सांगून टाकलं.

त्यांनी टेप मिटला. "लई वाईट केलं वैनी तुम्ही. आठ दिवस म्हातारीला उन्हात बसवलं." आणि तसेच गेले. तिला हाताला धरून आणलं, तिचा तळवा स्पीकरवर ठेवला आणि तेच पुन्हा लावलं.

"जमीन न्हाई अक्का. हे खोकं हाय."

गिरजाक्कानं थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग त्याच हातानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या, आठ दिस अंगणात काढले मी."

आवाज बारीक केला की भागलं असतं, असं मी म्हणाले. भावजींनी माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं पाहिलं. "बारीक केला की बाई लहान होते." मग स्पीकर भिंतीपासून पुढं ओढायचं ठरलं. गिरजाक्का तिच्या घरात भिंतीला हात लावून, भावजी इकडं टेप धरून, आणि निरोप्या मी, दोन दारांच्या मधे.

"आवाज येतोय अजून," ती ओरडायची.

"किती येतो विचारा वैनी."

"किती म्हणजे? किलोत सांगू का?"

दीड फूट, अडीच, साडेतीन. माझ्या पायांचे तुकडे पडले. सव्वाचार फुटांवर गिरजाक्का म्हणाली, "बास. एवढा राहू दे. बाजूला माणूस हाय एवढं कळतं."

भावजी खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ ऐकलं. "काय झालं?" मी विचारलं.

"बाई गेली," म्हणाले. "कुठं उभी हाय ते कळंना आता." पण स्पीकर त्यांनी परत कधी हलवले नाहीत. दिवाणखान्याच्या ऐन मधे दोन खांब उभे राहिले. चहाचा ट्रे घेऊन मी वर्षानुवर्षं तिरकी होऊन गेले आणि रोज त्यांचा उद्धार केला. ते म्हणायचे, "वैनी, डावीकडून जा, तिथं दोन इंच जास्त हायत." रोज दुपारी तीनला स्पीकर लागायचे आणि भिंतीपलीकडं गिरजाक्का भाजी निवडत बसायची.

गेल्या हिवाळ्यात भावजी गेले. झोपेतच गेले, कुणाला काही न मागता.

परवा दुपारी भांडी थरथरली. ह्या वेळी खरोखरच जमिनीतून. गल्ली बाहेर आली, मीही आले. मोजून पाहिलं तर गिरजाक्का नाही. धावत तिच्या घरात गेले. ती भिंतीला पाठ लावून मेथी निवडत होती, अगदी निवांत.

"अक्का, बाहेर चल. ऐकू आलं न्हाई का?"

"आलं की. तुझ्या दिरानं लावलंय. बस जरा."

मी बसले नाही, हात पुढं केला. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. हातातली मेथी हळूच ताटात ठेवली, ताट बाजूला सारलं.

"उठव मला," म्हणाली.