पंचा किती वेळात वाळतो

आमच्या शेणवे गावात लांबचा प्रवास भातावरून ठरतो. झोडणी उरकली, भात घरात आलं, की उन्हाळ्यात राब, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन, भाजायला घेईपर्यंत माणूस मोकळा. धाकटी बहीण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला नर्स आहे. तिला मुलगी झाली, तेव्हा बाबांना घेऊन जानेवारीत जायचं, असं मी ठरवून टाकलं.

फोनवर बहीण हसायलाच लागली. "दादा, तू भूगोल घेऊन बीए झालास ना रे? जानेवारीत इकडं ऐन उन्हाळा!"

मला ते माहीत होतं. परीक्षेत पृथ्वीचा कललेला अक्ष काढून मी ते लिहिलंही होतं. चौथीत शाळा सुटलेल्या बाबांनी मला हट्टाने कॉलेजात घातलं, आणि त्या शिक्षणावरच वाशिंदच्या कारखान्यात ऑफिसात बसायला मिळालं. पण रजा ठरवताना माझ्या डोळ्यांपुढे पृथ्वी नव्हती, खळं होतं.

प्रश्न साधा नव्हता. दोन वर्षांपूर्वी राब भाजताना बाबा चक्कर येऊन बांधावर कोसळले होते. यापुढे कडक उन्हात जायचं नाही, असं शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नातीला त्यांनी अजून हातात घेतलं नव्हतं.

मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते खट्टू होतील. त्यांचे डोळे तर चमकले.

"म्हंजे एका साली दोन उन्हाळे?"

"हो."

"नि तिकडं थंडी कवा?"

"आपल्याकडं पाऊस असतो तेव्हा."

"काय देश हाय रे!"

मी मोबाइलवर तिथलं तापमान दाखवलं. त्यांनी मान हलवली. "आकडा अंगाला लागत नाय. तिला सांग, पंचा वाळत घाल."

बहीण निघाली तेव्हा बाबांनी तिच्या बॅगेत स्वतःच्या पंच्यांपैकी एक कोंबला होता. तो तिने दुपारी भिजवून गच्चीवर टाकला. इकडे बाबांनी दुपारीच त्याचा जोडीदार अंगणातल्या दोरीवर टाकला आणि ओट्यावर बसून राहिले. तिचा पाऊण तासात कडक झाला. आमच्याला दोन तास लागले.

"घाम येतो का गो तिकडं?" बाबांनी फोनवर विचारलं.

"येतो, पण दिसत नाय. लगेच सुकतो."

"मग तहान लागायच्या आधीच पानी प्यायचं. बाळालाबी सांभाळ."

पुढे दर रविवारी हाच कार्यक्रम. एकदा बहीण म्हणाली, "बाबा, सकाळी भट्टी होती. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, आता स्वेटर घालून बसलेय."

"दक्षिणेचा वारा थंड?" बाबा उठून उभेच राहिले. मग मीच जमिनीवर खडूने पृथ्वी काढली, खालचं बर्फ दाखवलं. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. माझा भूगोल पहिल्यांदाच कुणीतरी एवढं मन लावून ऐकला.

"गेल्या मार्चात पंचा कधी वाळायचा?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"सकाळचा टाकलेला संध्याकाळी."

"मग मार्च."

"आणि राब?" मी विचारलं.

"आताच रचून ठेवू. आल्यावर भाजू. पन आग तू लावायची. मी सावलीत बसून वारा सांगंन."

त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी दोन वर्षं थांबलो होतो. मी रजेचा अर्ज बदलला.

फेब्रुवारी लागताच आम्ही शेण, पालापाचोळा आणि फांद्या रचायला घेतल्या. रस्त्याने जाणारा शेजारी ओरडला, "काय काका, यंदा पाऊस लवकर बोलावला काय?"

"पावसाला नाय रे, नातीला भेटाया चाललोय!"

काल बॅग भरली. सगळ्यात वर बाबांनी पंचा ठेवला.

"तिचा आहे की तिथं," मी म्हणालो.

"तिचा तिला राहू दे. उतरल्यावर आधी हा वाळत घालायचा. मग ठरवू, पोरीला बाहेर कवा फिरवायची."