गाणेवालीच्या गाण्याचा मालक

गाणेवालीला माईकचा भारी राग. तोंडापुढं धरला की ती तो हातानं बाजूला सारायची. "मायं तोंड काय लहान हाये?" रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून धानाचं परं, म्हणजे रोपं, लावणाऱ्या बायांच्या ओळीत ती मधोमध असायची. ती एक ओळ टाकायची, बाया ती उचलायच्या, आणि पलीकडच्या बांधीतल्या, धानाच्या शेजारच्या तुकड्यातल्या बायांचे हातही नकळत त्याच तालावर पडायचे. नाव पारबताबाई, पण आमच्या सावली गावाच्या आसपास तिला गाणेवालीच म्हणत.

माझं बसस्थानकाजवळ कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट गेली, सीडी आली. सीडीही गेली, तेव्हा लोकांच्या मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देऊ लागलो. मग नेट स्वस्त झालं नि तेही बसलं. मी धंदे बदलत राहिलो, पण तिची गाणी सोडली नाहीत. माईक बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरच्या गवतात लपवायचा, असं आमचं दोघांचं ठरलेलं. शेवटी इंटरनेटवर चॅनल काढला आणि ती सारी गाणी तिथं टाकली.

तिची ओळ कधी जशीच्या तशी परत यायची नाही. ज्याची बांधी त्याचं नाव गाण्यात यायचं, रुसलेली सून यायची, बंद पडलेली मोटर यायची. "बाई, मागच्या साली असं नव्हतं," म्हटलं की म्हणायची, "मागच्या सालचं परं यंदा रोवते का कोनी?"

आलापल्लीला एका लग्नात डीजेवर तिचं गाणं वाजलं. चाल तीच, शब्द माझ्या चॅनलवरचेच, आवाज मात्र कुण्या शहरी पोरीचा. एका कंपनीनं ते काढलं होतं. वऱ्हाडी बेभान नाचत होते. मला आधी आनंदच झाला. आठवडाभरानं माझ्या चॅनलवरचं गाणेवालीचं मूळ गाणं मुकं झालं. व्हिडिओत तिचे ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. खाली सूचना होती : या गाण्याचे हक्क दुसऱ्याकडे आहेत.

सांगायला गेलो तेव्हा ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"म्हंजे मायं गाणं मीच चोरलं?"

"मशीन तसंच समजते, बाई."

"त्या मशीनच्या मायनं रोवना केल्ता का कधी?"

मी हरकत घेतली. ती फेटाळली गेली. मी पुन्हा घेतली. तेव्हा कंपनीचा एक माणूस गाडी घेऊन तिच्या दारात आला. गोड बोलला. म्हणाला, "गाण्याखाली तुमचं नाव देऊ. फक्त हक्क आमचे, एवढं लिहून द्या."

"अंगठा मी सातबाऱ्यावर देतो, भाऊ. गान्याचा सातबारा नसते. सासूच्या सासूपासून आलं, ते मी एकटी कशी देऊ?"

"मग तुम्हाला ते नेटवर टाकताच येणार नाही."

गाणेवालीनं त्याच्याकडं आपादमस्तक पाहिलं आणि तिथंच, त्याच चालीवर, आवाज सोडला. पांढऱ्या बुटाचा पाहुना आला, गान्याले दावं बांधू म्हने. शेजारच्या बाया कामं टाकून आल्या, त्यांनी ओळ उचलली. त्या माणसानं हसायचा प्रयत्न केला, मग गाडीकडं वळला.

"हे बी लिहून घे!" ती मागून ओरडली. "उद्या दुसरं गाईन!"

तो पुन्हा आला नाही. आवाजही परत आला नाही. पुढचा रोवणा तिनं अंगात ताप घेऊन केला, कुणाचं ऐकलं नाही. धान कापणीला आला आणि ती गेली. वैनगंगेकडं नेताना रडणं मध्येच थांबलं आणि एका म्हातारीनं रोवण्याची ओळ टाकली. असं आमच्याकडं कुणी करत नाही. तरी साऱ्या बायांनी ती उचलली आणि नदीपर्यंत खाली पडू दिली नाही.

मोबाइलवर टिपलेलं ते गाणं मी चॅनलवर टाकलं. संध्याकाळच्या आत मुकं झालं. मी परत हरकत घेतली आहे. कारण विचारतात, तिथं लिहिलं : गाणाऱ्या बाया जिवंत आहेत. आषाढात बांधीवर या आणि त्यांना गप्प करून दाखवा.