वन्संचे एकतीस दिवस

माझ्या नणंदेकडे जेवायला बसायचं, तर आधी टेबलावरचा अर्धा शिवलेला कोट उचलावा लागतो, मग कात्री, मग टाचण्यांची डबी. वन्सं शिवणकाम करतात आणि चोवीस वर्षं ते जेवणाच्या टेबलावरच चाललंय. ताटात टाचणी सापडली की त्यांचे यजमान ती निमूट बाजूला काढतात आणि विचारतात, "आज मासे नव्हते ना?"

शिंपी म्हटलं की "परवा या" आलंच. पण वन्संचा परवा खरोखर परवा उजाडतो. त्या नऊ दिवस म्हणाल्या की काही बायका तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात जातात, तिथे "चार" ऐकून खूश होतात आणि बाराव्या दिवशी तिथेच भांडत उभ्या असतात.

गेल्या वर्षी तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. ती भाड्याने घ्यायची, मशीन खाली न्यायचं, टेबलावर फक्त ताटं! वन्संनी पडद्याचं कापडसुद्धा निवडलं. एक मोठं काम तेवढं हवं होतं. ते स्वतःच जिना चढून आलं: बँडमास्तर. वीस कोट, सोनेरी बटणांचे, समारंभाला पंधरा दिवस. मी तिथेच बटणं लावत बसले होते.

वन्संनी खडूने पाटीवर मांडलं. "कापायला चार, शिवायला बावीस, काजं-बटणं तीन, इस्त्री दोन. एकतीस."

"अहो बाई, पंधरा म्हणा ना! पुढचं पुढे बघू. शिंप्याचे पंधरा म्हणजे किती, ते मलाही कळतं."

"कळतं ना? मग मी सांगू कशाला?"

"आमच्या अध्यक्षांना काहीतरी सांगायला हवं. सगळेच सांगतात हो!"

"तेच तर. सगळ्यांनी असंच सांगायचं ठरवलं, तर कुणी कुणाला तारीख विचारायचीच कशाला? जिभेला उगीच व्यायाम."

आतल्या दारातून यजमान दोन्ही हातांनी खुणा करत होते: पाच, पाच, पाच. वन्संनी तिकडे पाठ केली.

बँडमास्तर समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला चौदा दिवस मिळाले.

आणि मग सभागृहाचं छत गळायला लागलं! समारंभ महिनाभर पुढे गेला. समोरच्याचे कोट चौतिसाव्या दिवशी आले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. खालच्या खोलीत एक न्हावी आला.

माझाच जीव हळहळला. "वन्सं, पंधरा म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? निभावलं असतं की हो!"

"निभावलं असतं गं." त्यांनी दाताने दोरा तोडला. "पण छत गळलं म्हणून माझं खोटं खरं झालं असतं का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. पडद्याचं कापड त्यांनी घडी घालून कपाटात सारलं.

यजमान ताट मांडीवर घेऊन बसले होते. "आता टेबल कधी मोकळं होणार म्हणायचं? वर्षभरात?"

वन्संनी पाटी ओढली, खडू घेतला, बराच वेळ आकडेमोड केली.

"दीड वर्ष."

"अगं, मला तरी वर्ष म्हण!"

"दीड," वन्सं म्हणाल्या आणि यजमानांच्या ताटातली टाचणी उचलून डबीत टाकली.