बरणीतलं वासरू

परभणीच्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट आधीच्या सरांनी जमवलं होतं आणि निवृत्त होताना माझ्या गळ्यात घातलं. सापाची कात, गांधीलमाशांचं पोळं, मुंगसाची कवटी. पालक काहीबाही आणून द्यायचे. वस्तूवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव लिहावंच लागायचं, नाहीतर माणूस रुसायचा. फॉर्मॅलिनच्या वासानं माझं डोकं दिवसभर ठणकायचं.

एकदा पेडगावचे एक शेतकरी नवरा-बायको पोतं घेऊन आले. दिवस भरायच्या आधीच त्यांची गाय गाभडली होती. वासराला दोन डोकी. नवरा खुशीत होता.

"बाई, नाव जरा ठळक लिहा," म्हणाला.

बायको पोत्यावरचा हात काढेना.

पुढं बाजाराच्या दिवशी ती एकटीच यायला लागली. वासरू ठेवलेल्या बरणीसमोर बसायची. मी वह्या तपासत असायचे, बोलायचं त्राण नसायचं. तिलाही बोलायचं नसायचं.

मग नामांतराची दंगल झाली. शाळा बंद, एसट्या बंद. शाळा उघडली तेव्हा बरणीतलं औषध बरंच खाली गेलं होतं. वासराचा एक कान उघडा पडून काळा झाला होता. मला दिसत होतं, पण उठून काही करावंसं वाटेना.

त्याच आठवड्यात ती आली. कितीतरी वेळ त्या कानाकडं बघत राहिली.

"बाई, गाय मेली आमची. ह्याला घेऊन जाऊ का?"

"कशाला?"

"तिच्याजवळ पुरते. लय दिवस झाले, पाण्यातच हाय ते."

हेडमास्तरांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. दोघींनी मिळून वासरू नळाखाली धुतलं, तिनं आणलेल्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं. ती स्टँडकडं गेली. मी साबणानं हात धूत राहिले, वास जाईना.

दिवाळीनंतर तिचा नवरा पाहुण्यांना कपाट दाखवायला घेऊन आला.

"आमचं वासरू कुठंय, बाई?"

"तुमच्या मंडळींनी नेलं. गायीजवळ पुरते म्हणाल्या."

पाहुणे इकडंतिकडं बघायला लागले. तो बाकावर टेकला.

"मला बोलली न्हाई ती," तो हळूच म्हणाला. "गाय पुरलीय त्याच बांधावरनं मी रोज जायलोय."

मी त्याला पाणी दिलं. तेवढ्यात तासाची घंटा झाली. मी खडू उचलला आणि वर्गात गेले.