कूलर, मी आणि जाड चकती

आमच्या घरात सर्वांत जास्त मान कूलरला आहे. त्याच्या खालोखाल पाहुण्यांना, मग पल्लवीच्या आईला, आणि काही उरलंच तर मला.

तो कूलर माझ्या बाबांनी दारव्ह्याला समोर बसून बनवून घेतलेला. जाड पत्रा, लोखंडी पाय, हलवायला चार माणसं. बाबा गेले, पण बोरी अरबच्या आमच्या बैठकीत कूलर तसाच उभा राहिला. दर उन्हाळ्याच्या तोंडावर तो अंगणात काढायचा, बाजूच्या ताट्यांमधलं गवत बदलायचं आणि टाकीला आतून डांबराचा हात मारायचा, हा आमचा कुळाचार. प्लॅस्टिकचा कूलर घेणाऱ्या माणसाला आम्ही वरवर हसून बोलतो, पण मनातून त्याला हलकाच समजतो.

यंदा मामला गंभीर होता. पल्लवीची, म्हणजे आमच्या लेकीची, सोयरीक उमरखेडला जमत आली होती. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत (हे तिने आईला सांगितलं, आईने मला, आणि मी कोणालाच सांगायचं नाही असं ठरलं). उरला होता फक्त मुलाच्या मोठ्या काकांचा होकार. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. आणि या काकांना उकाडा सहन होत नव्हता! एका ठिकाणी म्हणे बैठकीत फार उकडलं म्हणून ते चहा न घेता उठले आणि सोयरीक तिथेच मोडली. आता ते भर मे महिन्यात, भर दुपारी आमच्याकडे सुपारी फोडायला येणार होते.

"पप्पा, या वेळेस तुमी काहीच करू नका," पल्लवी म्हणाली. "कूलर हाये तसा लावा."

"गंजलेला? आन काका काय म्हनतीन?"

"काका हवा खाले येऊन राह्यले, कूलर पाहाले नाई."

पोरगी शहाणी आहे. आईवर गेली.

पण माझ्याकडे लोखंड घासायचा नवा कोरा ग्राइंडर होता! घेतल्यापासून त्याने एकच काम केलं होतं. हिच्या भाजी चिरायच्या विळ्याला धार लावली होती. तेव्हापासून त्या विळ्यावर आम्ही बटाटे फक्त ठेवतो. म्हटलं, आता खरी संधी आली. गंज काढू, रंग मारू, काका बघत राहतील! तडक दारव्ह्याला जाऊन मी हार्डवेअरच्या दुकानात उभा राहिलो.

"काय घासाचं हाये, भाऊ?" दुकानदाराने विचारलं.

"लोखंड."

"पत्रा हाये का जाड काम?"

आता आमच्या बाबांच्या कूलरला हा माणूस 'पत्रा' म्हणत होता! "लोखंड म्हंजे लोखंड," मी सांगितलं.

त्याने तीन चकत्या मांडल्या. एक कागदासारखी पातळ, कापायची. दुसरी पॉलिश पेपरच्या पाकळ्या एकावर एक चिकटवलेली. ती बघून मला हसूच आलं, असल्या कागदाने पोरी नखं घासतात! तिसरी मात्र भाकरीसारखी जाड. हातात घेतली आणि मन भरलं. आमच्या घराण्यात वस्तू वजनावर पारखतात. तांब्या असो की कुऱ्हाड, जड ती चांगली.

"पत्र्याले पाकळीवाली न्या," दुकानदार म्हणाला. "जाड चकती पत्रा खाऊन टाकते."

"खाऊ द्या," मी म्हणालो आणि जाड चकती घेऊन निघालो.

त्या संध्याकाळी लाईन गेली, म्हणून काम नेमकं पाहुण्यांच्या दिवशी सकाळवर आलं. डोळे सांभाळायला हवेत एवढी अक्कल मला होती. म्हणून बाबांचा मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा लावला. डोळे सांभाळले गेले. दिसणं मात्र बंद झालं!

बटण दाबलं. ठिणग्यांचा असा फवारा उडाला की शेजाऱ्यांची शेळी दावं तोडून पळाली. डांबर जळायला लागलं, काळा धूर निघाला. मी जोर लावला. चकती आत-आत जात होती आणि मला वाटत होतं, वा, काय गंज निघतोय! शेवटी चष्मा वर करून पाहिलं, तर टाकीच्या तळातून मला अंगणातली फरशी दिसत होती.

तेव्हा खरा प्रकार कळला. टाकीला पत्रा उरलाच नव्हता! तो केव्हाच गंजून गेला होता, आणि आमची टाकी नुसत्या डांबराच्या पुटांवर उभी होती. काका निघाल्याचा फोनही तेवढ्यात आला.

अशा वेळी देव धावून येतो म्हणतात. माझ्याकडे पांढरकवड्याहून साळा आला. विलास मुलीचा मामा म्हणून आला होता, पण भोक पाहताच त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"भाऊजी, हे भोक गोल हाये, म्हनून बेकार हाये. चौकोनी पायजे. मंग ठिगळ कसं बरोबर बसते!"

"तुले येते का पन?"

"मले काय येत नाई?"

हे उत्तर ऐकून मी थांबायला हवं होतं. पण आम्ही जाड चकती काढली आणि त्याच्या गाडीत पडलेली कापायची पातळ चकती लावली. विलासने दोन बाजू सरळ कापल्या. तिसरीला ग्राइंडर वाकडा धरला. 'टण्ण!' चकती फुटली आणि तिचा तुकडा माझ्या कानाशेजारून सूं करत गेला, तो थेट बाजेवर वाळत घातलेल्या कुरड्यांमध्ये! आम्ही दोघेही हातांनी आपापले कान चाचपत उभे राहिलो. थट्टा नाही, तो तुकडा जरा इकडे असता तर पाहुणे वेगळ्याच कामाला आले असते.

"काय झालं जी?" हिने आतून विचारलं.

"काही नाई!" आम्ही एका सुरात म्हणालो.

नाण्याएवढं भोक आता ताटाएवढं झालं होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठिगळ केलं आणि डांबर गरम करून चिकटवलं. मे महिन्यात डांबर घट्ट होत नाही, हे रस्त्याने चालणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. आम्ही दोघे बहुधा रस्त्याने चालत नसू.

पाहुणे आले. मोठे काका धोतराच्या सोग्याने घाम पुसत कूलरसमोरच्या दिवाणावर बसले, शेजारी मुलाची आई. मी बटण दाबलं. गार हवा सुटली, काकांनी डोळे मिटले. "वा! याले म्हनते कूलर!"

मी विलासकडे पाहिलं. विलास जमिनीकडे पाहत होता. कूलरच्या पायाशी एक काळी, बारीक धार निघाली होती आणि संथपणे काकांच्या पिशवीकडे चालली होती. मी मनातल्या मनात तिला हात जोडले. ही पन्हं घेऊन आली, बायांनी एकमेकींची नावं विचारली, सुपारीचं ताट पुढे आलं. काकांनी सुपारी हातात घेतली आणि...

धप्प!

ठिगळ पडलं. सगळी टाकी एकदम बैठकीत आली! आतला पाण्याचा पंप सुरूच होता, पाणी दिवाणाखाली शिरलं. मी 'अरे अरे' म्हणत जागीच गोल फिरलो. दारात पोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या पल्लवीने मात्र ट्रे खिडकीत ठेवला, साडी सावरत पाण्याला वळसा घालून भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लगची पिन काढली, काकांची पिशवी उचलली. म्हणाली, "काका, पाय वर घ्या." आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा जीवच निघाला. म्हटलं, पोरीचं मन मी माझ्या हाताने मोडलं.

काका पाय वर घेऊन ठिगळाकडे बघत होते.

"भाऊ," ते सावकाश म्हणाले, "कोनती चकती लावली व्हती?"

"जाड," मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

काका दिवाणावरून उठायचेच बाकी राहिले! "मी बी जाडच लावली व्हती! आमच्या टाकीले! हलकी चकती हाती घ्यावंशीच वाटत नाई ना!"

मुलाची आई कपाळाला हात लावून हिला म्हणाली, "बाई, आमच्या घरी असा एक हायेच. पोरीनं पहिले बटन बंद केलं, मंग बापाकडं पाह्यलं. आमाले अशीच सून पायजे. फोडा सुपारी!"

काकांनी सुपारी तिथेच, पाण्यात पाय सोडून फोडली.

लग्न झालं. निरोपाच्या वेळी सगळे डोळे पुसत होते. मी गाडीत बॅग ठेवायला डिक्की उघडली, तर साड्यांच्या गाठोड्याशेजारी माझा ग्राइंडर!

"मी नेऊन राह्यली, पप्पा," पल्लवी हुंदके देत म्हणाली. "आता तुमच्यावर ध्यान ठेवाले मी घरी नाई ना."

मग मात्र मला राहवलं नाही. मी मांडवातच ओक्साबोक्शी रडलो. बाया एकमेकींना म्हणाल्या, "पाह्य वं, लेकीसाठी बापाचा जीव कसा तुटून राह्यला!"

खरं होतं ते. अर्धं.