तीन एक्सलचा ट्रेलर

नवरा गेला तेव्हा रोह्याच्या कंपनीतला जुना बॉयलर अजून तिथेच पडून होता. आमच्या ट्रेलरवर तो एकदा चढवून झाला होता. गेटवरच्या वजनकाट्यावर एकूण वजन मर्यादेत बसलं, पण ट्रेलरच्या मागच्या दोन एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसांवर, भार जास्त आला. कंपनीने गाडी बाहेर सोडली नाही. क्रेनने बॉयलर परत खाली उतरवला. घरी येऊन नवरा म्हणाला, "आता तीन एक्सलचा घ्यायलाच हवा." पुढच्या आठवड्यात सकाळी बूट घालता घालता तो कलंडला.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि धाकटे दीर समोर येऊन बसले. "वहिनी, कंपनीचा फोन आला होता. बॉयलरचं काय सांगू?"

"नेतो म्हणून सांगा," मी म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही. नको म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

रामवाडीच्या पुढे हायवेला लागून ट्रेलर विकणाऱ्याचं आवार आहे. तिथे आम्ही तिघं गेलो: मी, दीर आणि आमचे जुने ड्रायव्हर. ऊन कडक होतं. मी चप्पल घालायची विसरून घरातल्या सपाताच घालून आले होते, ते तिथे गेल्यावर दिसलं.

मालकाने तीन एक्सलचे दोन सपाट ट्रेलर दाखवले. पहिल्याचा पत्रा जाड, खालचे गर्डर दणकट. दिरांना तोच आवडला. त्यांनी त्यावर थाप मारून पाहिली. "हा आयुष्यभर जाईल, वहिनी."

"रिकामा किती भरतो?" मी विचारलं.

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी कधी कुठल्या गाडीला हात लावला नव्हता. पण इतकी वर्षं स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकत होते. घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणि ट्रेलर मिळून कागदावर जेवढं वजन मंजूर, त्यातून दोघांचं रिकामं वजन गेलं की उरेल तेवढाच माल. ट्रेलर स्वतःच जड असला तर माल कमी. हे तो दिवसाआड कुणाला ना कुणाला समजावत असे. आता ते माझ्या तोंडून आलं, रेडिओ लावल्यासारखं.

मालकाने दोन्हींची वजनं सांगितली. ड्रायव्हर म्हणाले, "जाडवाला नाय परवडायचा, वहिनी. बॉयलर ठेवला की परत तेच. ह्यो दुसरा हलका हाय, पोलाद चांगलं हाय."

"आपल्या घोड्याला चालेल?"

"व्हय. पण आरटीओत पासिंग करूनच न्यायचा."

"मग हा," मी म्हटलं. भाजीवालीकडे मेथीची जुडी बाजूला काढावी, तसं.

मालक कागद आणायला आत गेला. मागे वळून पाहिलं तर दीर ट्रेलरच्या शेवटच्या चाकापाशी खाली बसले होते. रबरावर हात ठेवून रडत होते, आवाज न करता, खांदे हलत होते. घरी, स्मशानात, कुठेच ते रडले नव्हते. "दादाला दाखवायला हवा होता," एवढंच म्हणाले. ड्रायव्हरनी त्यांना पाणी दिलं. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. टायर नवे होते, त्यांच्यावरचे बारीक रबरी केस अजून झिजले नव्हते. मी तेच बघत राहिले. रडू आलं नाही.

पासिंग झाल्यावर गाडी रोह्याला गेली. दीरही सोबत गेले. मी पेणला, घरात वाल सोलत बसले होते. नवऱ्याचा फोन मी चालूच ठेवला होता, धंद्यातले सगळे त्यावरच फोन करत. तो वाजला. मी उचलला.

"शेठ, काटा पास झाला! एकपण एक्सल जास्ती नाय," ड्रायव्हरांचा आवाज खुशीत होता. मागे इंजिन चालू होतं. "वहिनी... सवयीनं बोललो."

"असू दे," मी म्हटलं. "बॉयलर नीट बांधलाय ना?"

"व्हय. साखळ्या ताणून बांधल्यात."

"भाऊजी जेवले का?"

"पुढं अष्टमी गावात थांबतो, तिथं जेवू."

"बरं."

फोन ठेवला. हाताला वालाची सालं चिकटली होती. ती काढली आणि उरलेले सोलायला घेतले.