पाळण्याजवळच्या मुंग्या

देशाचा बाजार मोकळा झाला आणि नेमका त्याच सुमाराला हैद्राबादेत तारनाक्याच्या हणमंतरावांचा बाजार बंद झाला. म्हणजे तिकडं घराघरात केबल आली, टीव्हीवर घडीघडीला कुणी गोरीगोमटी पोरगी चॉकलेटचा तुकडा मोडून डोळे मिटायला लागली, आणि इकडं डॉक्टरांनी हणमंतरावांना सांगितलं, साखर वाढलीय, गोड बंद. जिलबी बंद, डबल का मीठा बंद, चहातला चमचासुद्धा बंद. ज्या माणसानं रेल्वेच्या कचेरीतली सगळी नोकरी टेबलाच्या खणात गुळाचे खडे ठेवून काढली, त्याच्यावर ही वेळ.

पण माणूस हुशार. त्यानं बंदीचंच भांडवल केलं. लग्नात कुणी जिलबीचं ताट पुढं केलं की हे तळहात आडवा धरायचे, आणि आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल असं सांगायचे, "जिभेवर ताबा पाहिजे. ताबा असला की मग काही लागत नाही." सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरायला शेजारचे अप्पाराव सोबत असायचे. अप्पाराव तेलुगू, पण दोघं एकाच उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं त्यांचं सगळं दखनीत चालायचं. परतताना अप्पाराव हॉटेलात टेकून बिस्कीट चहात बुडवायचे आणि हणमंतराव समोर कोरडे बसून त्यांना ताबा शिकवायचे. "हौ गुरुजी," म्हणायचे अप्पाराव, आणि दुसरं बिस्कीट बुडवायचे.

सावित्रीबाईंना नवऱ्याचं कौतुक केवढं! अप्पारावांच्या भाग्यलक्ष्मीला कट्ट्यावर बसून सांगायच्या, आमच्या ह्यांच्यापुढं लाडवाचा डबा उघडा ठेवा, नजर वळणार नाही.

तर त्या वर्षी फाल्गुन सरत आला होता. सकाळी अजून अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायचं आणि दुपारी पंखा लावावा लागायचा, असे ते दिवस. बाजारात चिंचेचा कोवळा पाला आला होता, चिंतचिगुरू. त्याची डाळ सावित्रीबाई अशी करायच्या की मुलगा ओमकार कुकटपल्लीकडच्या आपल्या काँप्युटर कंपनीतून दोन बस बदलून आला तरी आधी पातेल्याचं झाकण उघडून बघायचा. घरात सहा महिन्यांची नात होती, सायली. तिचा पहिला पाडवा आठवड्यावर आला होता, आणि पुण्याहून विहीणबाई, म्हणजे सून मेधाची आई अनुराधाबाई, पाडव्यासाठी पहिल्यांदाच हैद्राबादला येणार होत्या. सावित्रीबाईंनी पडदे धुतले, माळ्यावरची पितळेची भांडी काढून घासली. पुण्याचे लोक, नाव ठेवायला जागा नको.

पहिल्या पाडव्याला लेकराच्या गळ्यात आजोळची साखरेची गाठी पडते. विहीणबाईंनी ती आधीच पाठवून दिली. ओमकार कामानं पुण्याला गेला होता, त्याच्याच हातात दिली. हार कसला, थाट होता. गुलाबी-पांढऱ्या चकत्या, नक्षीच्या, आणि मधोमध तळहाताएवढं पदक. विहीणबाईंनी मुद्दाम सांगून करून घेतलेला. सावित्रीबाईंनी तो सगळ्यांना दाखवला, स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा मुंग्या लागू नयेत म्हणून कपाटावर चढवला. कुठल्या कपाटावर? ज्या खोलीत सायलीचा पाळणा टांगला होता, त्याच खोलीतल्या. आणि दुपारी पाळण्याला झोका द्यायची ड्यूटी कुणाची? हणमंतरावांची.

पहिल्या दिवशी त्यांनी डबा नुसता बघायला काढला, हे खरं आहे. बघतात तर रेल्वेत दबून एक चकती मोडलेली. मोडकी गाठी लेकराच्या गळ्यात कशी घालणार? अपशकुन. म्हणून त्यांनी ती काढून घेतली, आणि काढलेली चकती टाकायची कुठं, म्हणून तोंडात टाकली. किती महिन्यांनी! विरघळेपर्यंत त्यांनी दात लावला नाही. एका हातात पाळण्याची दोरी, डोळे मिटलेले, सायली झोपेत ओठ चोखतेय, आजोबाही तेच करतायत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की एका बाजूची चकती गेल्यानं हार लंगडा दिसतोय. म्हणून समतोलासाठी दुसऱ्या बाजूची एक खाल्ली. तिसऱ्या दिवशी दोरा फार मोकळा दिसायला लागला. रेल्वेत हिशेबाच्या टेबलावर बसलेला माणूस, त्याला समतोल साधल्याशिवाय चैन कसं पडणार? एकदा ह्या बाजूची, एकदा त्या बाजूची. पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा डब्यात दोरा होता आणि मधलं मोठं पदक. पदकाला मात्र त्यांनी हात लावला नाही. ताबा होता ना.

त्याच दिवशी सकाळी सायली किंचाळून उठली. मेधानं दुपटं उलगडून बघितलं तर पाळण्यात मुंग्या. पोटरीवर लाल गांधी उठलेली. पाळण्यात गोड कधी सांडत नाही, तरी मुंग्या. मेधा गोधडी झटकत राहिली. गोधडीच्या कडेला गुलाबी भुगा होता. हणमंतराव दारात उभे होते. त्यांनी तो बघितला आणि चप्पल घालून फिरायला निघून गेले, फिरून आल्यावर दुसऱ्यांदा.

आणि दुपारी भाग्यलक्ष्मीला हार दाखवायला म्हणून सावित्रीबाईंनी डबा खाली काढला.

त्या ओरडल्या नाहीत. भाग्यलक्ष्मीसमोर तर नाहीच. झाकण लावलं, तिला वाटेला लावलं, आणि मग मेधाला हाक मारली. नवऱ्याचा संशय त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. ज्याच्या ताब्याचं सगळ्या गल्लीत गुणगान केलं, त्याचा संशय कसा यायचा? घरात अंगावर पाजणारी बाई एकच, आणि तिला अवेळी भूक लागते हे सगळ्यांना ठाऊक. त्या अगदी मऊ आवाजात बोलल्या, आणि मऊ बोललं की जास्त लागतं.

"खावंसं वाटलं तर मला मागायचं होतंस बाई. मी काय नको म्हटलं असतं? पण हा तुझ्या आईनं पाठवलेला हार होता."

मेधानं डब्यातल्या दोऱ्याकडं बघितलं. मग एकदा, एकदाच, खुर्चीत बसलेल्या सासऱ्याकडं बघितलं. आणि म्हणाली, "चुकलं, आई."

हणमंतरावांच्या हातात पेपर होता. त्यांनी पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते त्यांना आयुष्यात सांगता आलं नसतं. एवढंच कळलं की पोरीला ठाऊक आहे. आणि तोंड उघडायची वेळ आली आणि गेली, आणि ते पेपर धरून बसले.

माणसाला लाज वाटली की तो आधी ती झाकायला फडकं शोधतो. दुसऱ्या दिवशी हणमंतराव कुणाला न सांगता बस धरून सुलतान बाजारात गेले. पाडव्याची गर्दी, बायकांची धक्काबुक्की, ऑटोवाल्यांचं हॉर्न वाजवणं. गाठीची दुकानं मांडलेली होती, पण सगळीकडं पांढऱ्याच गाठी, बुटक्या, नक्षी नसलेल्या. गुलाबी म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, "गुलाबी कायको मियाँ, खाने को तो सब एकीच लगते." हणमंतरावांना वाटलं, ह्यालाही ठाऊक आहे की काय.

शेवटी मोठ्यातली मोठी पांढरी गाठी घेऊन ते घरी आले. वाटलं होतं, डबा गुपचूप भरून ठेवू, प्रकरण मिटेल. पण दारातच सावित्रीबाईंनी पिशवी धरली. आत बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सुनेची इज्जत झाकायला उन्हातान्हात सुलतान बाजार गाठलात?" म्हणाल्या. "असा सासरा मिळायला नशीब लागतं."

आता ह्याला काय करायचं, सांगा. संध्याकाळपर्यंत भाग्यलक्ष्मीला कळलं, आणि भाग्यलक्ष्मीला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. पाडव्याच्या पहाटे फिरायला जाताना हणमंतरावांनी ठरवलं की निदान अप्पारावांपाशी मन मोकळं करू. "अप्पाराव, एक बात बोलनी थी," इथपर्यंत आलेही. पण अप्पारावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सब मालूम है गुरुजी, आप ससुरे नहीं, देवता हैं. आणि त्या दिवशी अप्पारावांनी, गुरुजींच्या मानार्थ, बिस्कीट खाल्लं नाही. हणमंतरावांना ते फार लागलं.

घरी आले तर विहीणबाई पहाटेच्या गाडीनं येऊन आंघोळ करून बसल्या होत्या. ओमकारनं गच्चीवर गुढी उभारली. रेशमी साडी, उपडा तांब्या, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं. अप्पारावांकडून उगादीची, म्हणजे त्यांच्या पाडव्याची, कडू-आंबट-गोड पच्चडी आली. सावित्रीबाईंनी पाटाभोवती रांगोळी घातली, सायलीला मेधाच्या मांडीवर बसवलं आणि गाठीचं तबक पुढं आणलं. विहीणबाई बघतच राहिल्या. आपण पाठवलेली गुलाबी गाठी कुठं, ही कुठली?

सावित्रीबाईंनी हसत हसतच सांगितलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट नवऱ्याचं कौतुक सांगायचं होतं. बाळंतिणीला गोडाची हाव सुटते हो, असं म्हणून सगळी कथा सांगितली, मेधानं हार कसा फस्त केला आणि सासरे कसे धावले.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. इतका प्रवास करून, लेकीच्या सासरी पहिल्यांदा यावं आणि हे ऐकावं.

"मेधा, लेकीच्या गळ्यातलं खाल्लंस?" एवढंच म्हणाल्या. मग हणमंतरावांकडं वळून त्यांनी हात जोडले. "तुम्ही सांभाळून घेतलंत. वळण लावायला आम्हीच कमी पडलो."

मेधानं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतलं पाणी सायलीच्या टोपड्यावर पडलं. सायलीला काय कळतंय, तिनं तबकातली चकती मुठीत धरली.

हणमंतरावांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण तारनाक्याची जमीन सगळी खडकाची, ती कुठली दुभंगतेय.

"विहीणबाई, हात खाली करा," ते म्हणाले. "हार मी खाल्ला."

सावित्रीबाईंना वाटलं, हा सुनेसाठी आणखी एक त्याग. त्या कौतुकानं काही म्हणणार, तेवढ्यात हणमंतरावांनी हातानं थांबवलं आणि सगळं सांगितलं, मोडकी चकती, लंगडा हार, समतोल. सांगताना ते तबकाकडंच बघत होते.

सावित्रीबाई हळूहळू खाली बसल्या. "दुपारी? पाळण्याजवळ बसून?" आणि मग, "म्हणजे त्या मुंग्या..."

"हो," हणमंतराव म्हणाले. सगळ्यांत जड तोच एक शब्द गेला. सायलीच्या पोटरीवरची गांधी अजून पुरती बसली नव्हती.

"आणि तू का नाही बोललीस गं?" सावित्रीबाईंनी सुनेला विचारलं. आवाजात आता मऊपणा नव्हता, कसनुसं होतं काहीतरी. आपणच आधी मेधाला बोल लावला होता ना.

मेधानं पदरानं नाक पुसलं. "आई, मी खाल्ला म्हटलं की तुम्ही एकदाच बोलणार. बाबांनी खाल्ला म्हटलं असतं तर त्यांना रोज बोलला असतात. मी पाहिलं होतं त्यांना. डोळे मिटून खात होते. मला दारातून परत फिरावं लागलं."

ह्यावर हसायचं की काय करायचं, कुणाला कळेना. विहीणबाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही, आणि बोलल्या मात्र काही नाहीत, कारण त्याही न विचारता बोलून बसल्या होत्या. ओमकार गुढीचं तोंड नीट करायच्या निमित्तानं गच्चीवर गेला. त्या दिवशी घरात जो तो दुसऱ्याची नजर चुकवत होता. श्रीखंड झालं, पुऱ्या झाल्या, चिंतचिगुरूची डाळही झाली, विहीणबाईंनी ती दोनदा मागून घेतली. हणमंतरावांच्या पानात सावित्रीबाईंनी कडुलिंबाची गोळी वाढली. ती त्यांनी न बोलता खाल्ली. थोड्या वेळानं दुसरी वाढली. तीही खाल्ली. सगळ्या गल्लीत केलेलं कौतुक आता कसं परत घ्यायचं, ह्या विचारात सावित्रीबाईंचं वाढण्याकडं लक्ष नव्हतं म्हणा, की पुरतं होतं म्हणा.

जेवणं झाल्यावर हणमंतराव ओसरीतच बसून राहिले. पाळण्याच्या खोलीत जायचा त्यांना धीर होईना. आता कोण विश्वासानं लेकरू देणार? मेधा आली, झोपाळलेली सायली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी पडते जरा." आणि गेली. जशी रोज जायची तशी.

संध्याकाळी, उन्हं उतरायच्या आत गुढी उतरवली. सावित्रीबाईंनी पुण्याचं ते उरलेलं गुलाबी पदक सकाळी गुढीलाच बांधलं होतं. विहीणबाईंनी त्याचे तुकडे केले आणि प्रसाद म्हणून वाटायला घेतले. भाग्यलक्ष्मी आली होती, अप्पाराव आले होते, त्यांना हवा तेवढा तपशील पोचलाच होता. वाटत वाटत विहीणबाई हणमंतरावांसमोर आल्या. एक बारकासा कण त्यांच्यापुढं धरला. "प्रसाद आहे, व्याही. एवढ्यानं काही होत नाही."

हणमंतरावांनी तळहात आडवा धरला. ह्या वेळी कुणाला ऐकू जाईल असा आवाज नव्हता.

"माझं आधीच झालंय, विहीणबाई."

अप्पाराव आधी हसत सुटले. मग भाग्यलक्ष्मी, मग मेधा, मग तोंडाला पदर लावून सावित्रीबाईसुद्धा. हणमंतराव हसले नाहीत. ते उठले, आत गेले, पाळण्यातली गोधडी काढून खिडकीत नेली आणि चष्मा पुसून, कडेकडेनं, उजेडात बघत झटकायला लागले. सायली मोठी होऊन पाळणा माळ्यावर जाईपर्यंत ते काम मग त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.